लूमशेडमधला पहिला घोट

राहनाळच्या केसरीनाथशेठ भोईरांना तुम्ही तापट म्हणा, हट्टी म्हणा, ते हसून सोडून देतील. पण मानपान कळत नाही, एवढं मात्र म्हणू नका! मग ते तुम्हाला बसवून घेतील आणि गेल्या तीस वर्षांतल्या लग्नांत कुणाला टोपी आधी मिळाली, कुणाला नारळ उशिरा मिळाला आणि कुणाच्या पानात मटणाऐवजी नुसताच रस्सा पडला, हे वारासकट सांगतील. मधे उठायचीही सोय नाही.

तर असे हे शेठ त्या रविवारी दुपारचं न जेवता ओट्यावर बसले होते. संध्याकाळी हॉटेलात जेवण होतं, आणि पोट रिकामं ठेवून जाणं हा त्यांच्या मते जेवू घालणाऱ्याचा मान होता.

"राही, आज तू नुसती बघ!" ते बायकोला म्हणाले. "इतका मान देईन, इतका मान देईन, का तुझा भाऊस स्वतःच्या तोंडानं म्हनल, दाजी, हळदीला येतो! त्यानं ओठाला लावल्याशिवाय मी एक घोट घेणार न्हाय. ह्यो शब्द हाय माझा!"

राहीबाईंनी हात जोडले. नवऱ्याला नव्हे, भिंतीवरच्या देवाला.

कारण प्रकरण साधं नव्हतं. धाकट्या देवेशची हळद अकरा दिवसांवर आली होती आणि देवेशचा सख्खा मामा, टेमघरचा सावळाराम चौधरी, सात वर्षं या घराशी बोलत नव्हता. नवरदेवाच्या पाठीशी मामा उभा नाही म्हणजे काय! मांडवातल्या सातशे माणसांनी सातशे वेळा विचारलं असतं, मामा कुठं हाय? राहीबाईंनी तर सांगूनच टाकलं होतं, "माझा भाऊ मांडवात न्हाय, तर मी बी न्हाय. मी आपली मागं चुलीपाशी बसंन."

भांडण कशावरून? ऐका! सात वर्षांपूर्वी सावळाराममामांनी नव्या बंगल्याची पार्टी दिली. घरचा जावई समोर बसलेला असताना पहिला ग्लास त्यांनी कुणाला दिला? त्यांचं गोडाऊन भाड्यानं घेणाऱ्या परक्या शेठला! केसरीनाथशेठ वाढलेल्या ताटावरून उठले आणि चालते झाले. आता मामांचं म्हणणं असं, की माझ्या नव्या घरात भरलं ताट टाकून गेला, तेव्हा अपमान माझा झाला. मग कोण कुणाची माफी मागणार? दोघंही वाट बघत बसले, की आधी तो येईल. सात वर्षं!

देवेश वडप्याच्या एका मोठ्या गोडाऊनात सुपरवायझर होता. त्यानंच तोडगा काढला. मामा राहनाळला येणार नाही, बाबा टेमघरला जाणार नाहीत, तर मग भेटायचं दोघांच्याही अंगणाबाहेर. वडप्याला हायवेलगत नवीन हॉटेल झालं होतं, 'लूमशेड' नावाचं. तिथं त्या रविवारी खास जेवण होतं. हॉटेलात स्वतः बनवलेल्या पाच तऱ्हेच्या बियर, आणि प्रत्येक बियरबरोबर तिला शोभेल असा एकेक पदार्थ.

दारातच केसरीनाथशेठ भडकले.

"लूमशेड? ह्ये लूमशेड? जल्मात इथं माग लागला न्हाय, एक धोटा हलला न्हाय! ह्ये माझ्या चुलतभावाचं मिरचीचं गोडाऊन!"

"बाबा, नुसतं नाव आहे ते," देवेश म्हणाला.

"मंग 'मिरचीचं गोडाऊन' ठेवायचं नाव! खोटं कशाला बोलायचं माणसांशी?"

आत टेबलापाशी सावळाराममामा आणि माधवीमामी आधीच येऊन बसले होते. राहीबाई आणि माधवीमामी एकमेकींना बघताच गळ्यात पडल्या. दोन्ही पुरुष मात्र समोरासमोर बसले आणि छताचे पत्रे मोजू लागले.

तेवढ्यात हॉटेलचा मालक विपुल हातात माईक घेऊन पुढं आला. अंगात कातडी एप्रन, डोक्यावर केसांचा अंबाडा. अंबाडा बघून केसरीनाथशेठांनी तोंड उघडलं होतं, पण राहीबाईंनी टेबलाखालून पाय मारला.

"नमस्कार मंडळी! पहिली आपली गव्हाची बियर. सोबत कुरकुरीत बोंबील. ही बियर त्या बोंबलाशी बोलते!"

"बोंबील मेलाय, तो काय बोलणार?" केसरीनाथशेठ पुटपुटले.

वेटरनं प्रत्येकापुढं ताट ठेवलं. ताट केवढं, तर भाकरीचं पीठ मळता येईल एवढं! आणि त्यात मधोमध अंगठ्याएवढा एक बोंबील. बाजूला औषध घ्यायचा असतो तेवढा ग्लास, तोही अर्धा. शेठांनी बोंबील उलटून पाहिला. खाली आणखी काही लपवलेलं नव्हतं.

"ह्ये पिल्लू हाय! याला खाडीत परत सोडायला पायजे!"

पण शब्द म्हणजे शब्द! त्यांनी राग गिळला. रीतीप्रमाणे बियरमध्ये बोट बुडवलं, देवाच्या आणि वाडवडलांच्या नावानं दोन थेंब जमिनीवर शिंपडले. समोर मामांनीही तेच केलं. मग शेठांनी सात वर्षांत पहिल्यांदा मेव्हण्याकडं नीट बघितलं.

"घ्या मेव्हणं."

मामांनी घसा खाकरला.

"तुम्ही घ्या दाजी. तुम्ही जावई."

"छे छे! तुम्ही नवऱ्याचे मामा. आधी तुम्ही."

"असं कसं? मोठे तुम्ही. तुम्ही लावा, मंग मी लावतो."

"न्हाय, न्हाय, तुम्हीच!"

सात वर्षांनी दोघं बोलत होते! राहीबाईंच्या डोळ्यांत पाणी तरळलं. देवेशनं टेबलाखाली मूठ आवळली. आणि घ्या-नको, घ्या-नको चालू असतानाच वेटर आला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळात बघितलं आणि पाचही ताटं, पाचही ग्लास उचलून घेऊन गेला!

पाचही कसे म्हणता? अहो, घरातले दोन मोठे पुरुष सुरू करत नाहीत, तोवर बायका कशा तोंडात घालणार? आणि देवेश बापादेखत, मामादेखत बियर पिईल? त्याची काय बिशाद!

"काय रं ह्ये!" केसरीनाथशेठ कडाडले. "जेवणाऱ्याच्या पुढनं ताट उचललं?"

"बाबा, प्रत्येक पदार्थाला आठच मिनिटं असतात. मग पुढचा येतो."

"जेवण हाय का शिफ्ट हाय?"

दुसरी आली कोकमाची बियर. गुलाबी, फेसाळ, सोबत काडीला टोचलेली एकुलती एक कोळंबी. विपुल म्हणाला, "आधी नाकानं घ्या मंडळी, मग तोंडानं." दोघांनी नाकानं घेतली. बोटानं शिंपडली. तोंडानं मात्र कुणीच घेईना.

"घ्या दाजी."

"तुमच्याआधी? हात झडंल माझा!"

"अवो, लावा की तोंडाला," राहीबाई नवऱ्याच्या कानाशी पुटपुटल्या.

"मी तुला शब्द दिलाय!"

"मला दिलाय ना? मंग मीच परत देते!"

"दिलेला शब्द परत घेतात? भाजी हाय काय!"

तिकडं माधवीमामीही रडकुंडीला आल्या होत्या. त्या राहीबाईंच्या कानाला लागल्या. "वन्सं, घात झाला! मीच यांना शपथ घातलीय घरातून निघताना. म्हटलं, दाजींनी पहिला घोट घेतल्याबिगर तुम्ही घेतलात, तर माझं तोंड बघू नका!"

राहीबाईंनी कपाळावर हात मारला. म्हणजे हा त्यानं घ्यायची वाट बघतोय, आणि तो यानं घ्यायची! आणि आठ मिनिटांवर वेटर टपलेला!

तिसरी बियर आली कडू, म्हणजे मुद्दाम कडू केलेली. आणि तिच्यासोबत मटण! एकच तुकडा, पण मटण ते मटण. वर काळ्या मसाल्याचा तवंग, खाली घडीच्या घावनाचा तुकडा. त्या वासानं केसरीनाथशेठांच्या पोटात जी खळबळ उडाली, ती शेजारच्या टेबलापर्यंत ऐकू गेली. मामांनी तर डोळेच मिटून घेतले. शेठ मनातल्या मनात ओरडत होते, घे रे बाबा घे! एक थेंब घे! तुझ्या पाया पडतो! आणि तोंडानं म्हणत होते, "सावकाश घ्या मेव्हणं, घाई न्हाय."

"हो गया सर?" वेटर हजर! "ले जाऊं?"

मटण गेलं. शेठांनी ते स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नजरेनं पोचवलं. चौथ्या वेळी चिंबोरीचं कटलेट आलं आणि गेलं. देवेशनं आपलं कटलेट रुमालात घेऊन टेबलाखाली खाल्लं, पण ते कुणाला सांगू नका. बाकी हॉटेलात लोक टाळ्या वाजवत होते, माना डोलवत होते, बोटं चाटत होते. यांच्याच टेबलावर सुतक!

आणि इथं विपुलचं धाबं दणाणलं. चार बियर, वीस ग्लास, भरलेले परत! तो लांबून निरखत होता. दोन जाड मिशांचे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ समोरासमोर बसतात. प्रत्येक ग्लासात बोट बुडवतात. थेंब उडवतात. वास घेतात. एकमेकांशी गंभीरपणे काहीतरी बोलतात. आणि पीत नाहीत! बियरच्या जेवणाला येऊन बियर न पिणारी माणसं कोण असतील? विपुलला घाम फुटला.

पाच मिनिटांत तो स्वतः टेबलापाशी आला. मागं दोन वेटर. एकाच्या हातात हे भलं मोठं ताट, त्यात मटणाचा डोंगर, तळलेल्या सुरमईच्या तुकड्या आणि तांदळाच्या भाकरीची चवड. दुसऱ्याच्या हातात काळ्या बियरचा जग आणि दोन मोठे ग्लास. विपुलच्या काखेत एक फाईल.

"साहेब, हे वेगळं. खास तुमच्यासाठी."

केसरीनाथशेठांची छाती फुगली. "बघितलंस राही? ओळखलं! माणूस ओळखायला येळ लागतो, पण ओळखलं!"

"आणि साहेब, लायसन्स, पाण्याचा रिपोर्ट, टाक्यांचा नकाशा, सगळं यात आहे. तपासून घ्या. काही कमीजास्त असेल तर सांभाळून घ्या."

"भाकरीबरोबर फाईल कशाला?" मामांनी विचारलं. "लोणचं न्हाय काय?"

देवेशच्या घशातच पाणी अडकलं. "बाबा! मामा! हे तुम्हाला एक्साइजवाले समजतायत! दारूवर धाड घालतात ते!"

केसरीनाथशेठ उठले. खुर्ची मागं पडली.

"मी? मी सरकारी नोकर? आमच्या सात पिढ्यांत कुणी सरकारी नोकरी केली न्हाय! मिठागरं केली, भातं लावली, गोडाऊनं बांधली, पण साहेबाला सलाम ठोकला न्हाय! आन ह्यो अंबाडेवाला मला नोकरदार म्हणतो?"

सावळाराममामाही उठले. त्यांचीही खुर्ची मागं पडली.

"ए! कुणाला बोलतोस? आँ? माझ्या दाजींना नोकरदार बोलतोस?"

माझ्या दाजींना! राहीबाईंनी माधवीमामीचा हात घट्ट धरला.

विपुलला काय अपमान झाला ते कळेना, पण त्याचा जीव भांड्यात पडला. "म्हणजे... तुम्ही साधे गिऱ्हाईक?" त्यानं फाईल काखेत मारली आणि वेटरकडं बघून नुसती भुवई उडवली. वेटर हुशार. "सर, ले जाऊं?" म्हणत त्यानं ताटाला हात घातला.

मटणाला!

"ठेव!" दोघं एकदम गरजले. केसरीनाथशेठांनी ताट एका बाजूनं धरलं, मामांनी दुसऱ्या बाजूनं. मधे वेटर. इकडं ओढ, तिकडं ओढ! रस्सा हिंदकळला, एक सुरमई विपुलच्या एप्रनवर जाऊन बसली.

"सोड! एकदा पुढ्यात आलं का आमचं!"

"चार येळा उचललंस, आता पाचव्यांदा न्हाय उचलू देणार! दाजी, घट्ट धरा!"

"धरलंय मेव्हणं! तुम्ही ओढा!"

आणि या गोंधळात राहीबाई उठल्या. दोघांचे हात ताटात गुंतलेले होते. राहीबाईंनी जग उचलला, दोन्ही मोठे ग्लास भरले. एक ग्लास तोंडाला लावला आणि घटाघटा रिकामा केला. मग दुसरा. तोंड वाकडं केलं, पदरानं पुसलं आणि ग्लास टेबलावर आपटला.

"झाला पहिला घोट! घेतला मी! आता कोण घेणार आधी? आँ? बोला की!"

मग त्या भावाकडं वळल्या.

"सात भाऊबीजा झाल्या! सात! दर वर्षाला ताट करून दारात बसते मी. गाडी वाजली का उठते, आन परत बसते. सख्खा भाऊ टेमघरात जिता असताना मी चंद्राला ओवाळलं रं सावळा! ज्यांना भाऊ न्हाय ना, त्या बायांसारखं! का? तर एक ग्लास कुणी आधी प्यायचा! अरे, मी काय त्या ग्लासापरीस हलकी झाले काय तुम्हा दोघांना?"

त्यांचा आवाज फाटला. वेटरनं ताट सोडलं. मामांनीही सोडलं, आणि सगळा भार केसरीनाथशेठांच्या हातात आला. हातात मटणाचा डोंगर घेऊन ते लहान पोरासारखे खाली मान घालून उभे राहिले.

"बाय," सावळाराममामा म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी डोळे पुसले आणि हाताला मसाला लागलेला असल्यामुळं ते आणखीच वाहू लागले. "बाय, येतो मी हळदीला. दोन दिस आधी येतो. मांडव मीच घालतो."

मग जेवण झालं. कसं झालं ते विचारू नका! भाकरी दोनदा मागवली, सुरमई तीनदा. विपुलची काळी बियरही दोघांनी चाखून पाहिली. शेठांच्या मते तिला जळक्या पेजेचा वास होता, आणि मामांच्याही मते होता. त्यांचं इतकं एकमत कधीच झालं नव्हतं.

हात धुताना मात्र मामा हळूच म्हणाले, "दाजी, राग मानू नका. पण मामाला आवतण घरी येऊन द्यायचं असतं. मी काय हाटेलातनं उठून हळदीला यायचं?"

केसरीनाथशेठांच्या मिशा ताठ झाल्या. आधी मी जायचं? त्याच्या दारात? जिथनं उपाशी उठलो त्या घरात? तोंडाशी आलं होतं सगळं. तेवढ्यात त्यांना पलीकडं राहीबाई दिसल्या, माधवीमामीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसणाऱ्या. किती वर्षांनी हसत होती ही बाई! शेठांनी सगळं गिळलं. आणि खरं सांगतो, त्या कडू बियरपेक्षा ते कडू होतं.

"उद्या येतो," ते म्हणाले. "सकाळी आठाला. मीच येतो."

सकाळी बरोबर आठला शेठ टेमघरला हजर! पांढरे स्वच्छ कपडे, हातात नारळ, टोपी आणि हळदीची पत्रिका. रात्रभर झोप नव्हती, चहाही न घेता निघालेले. त्यांनी टोपी सारखी केली आणि बेल वाजवली. दार माधवीमामींनी उघडलं.

"अगोबाई, दाजी! हे तर सातालाच गेले. तुमच्याकडं!"

"माझ्याकडं? कशाला?"

"म्हणाले, दाजींना आधी यायला लावणं बरं दिसत न्हाय. आवतण मीच जाऊन घेतो."

शेठ नारळ घेऊन उभेच! काय माणूस आहे! मी सात वर्षांचा राग गिळून दारात येतो, आणि हा त्यातही पुढं पळतो? संतापानं त्यांनी राहीबाईंना फोन लावला.

"हाय काय तो तिथं?"

"हाय की! ओट्यावर बसलाय." राहीबाईंचा आवाज नुसता फुलला होता. "तुम्ही गेलात आन हा आला."

"त्याला सांग, तिथनं हलायचं न्हाय! मी आवतण इथंच देणार, त्याच्या घरात, त्याच्या देवापुढं! ठरलंय तसंच व्हणार!"

माधवीमामींनी वाफाळता चहा आणून पुढं ठेवला. वेलदोड्याचा वास आला. शेठांचा हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. कालचं सगळं आठवलं. राहीचे डोळे आठवले. नाही! आता चूक करायची नाही. त्यांनी कपावर तळहात ठेवला आणि फोनमध्ये मोठ्या मनानं म्हणाले,

"राही, ऐक. तो सात वर्सांनी बहिणीच्या दारात आलाय. चहा आधी त्याला दे. त्यानं घेतला का मला सांग, मंगच मी घेईन. मी थांबतो. कितीबी येळ लागू दे!"

राहीबाई म्हणाल्या,

"अवो, त्याचे तीन कप झाले! आता भाकरी आन सुकट खातोय. तुमच्यासाठी ठेवलेली."